तारेखालचा दोरा

त्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, ही गोष्ट विद्याधर शिराळकरांना रोज दाढी करताना आठवायची, आणि रोज ते स्वतःला सांगायचे, आज लिहू. पत्र जाड, पिवळसर कागदावरचं होतं. त्यावर शाईचा ठिपकाही नव्हता, नुसती उठलेली टिंबं. मिरजेहून आफरीननं ब्रेलमध्ये लिहून पाठवलेलं. शिराळकरांनी ते आधी डोळ्यांनी, मग बोटांनी वाचलं आणि मोठ्या शब्दकोशाच्या पानांत ठेवलं. टिंबं चेपतील म्हणून दुसऱ्या दिवशी तिथून काढून कपाटाच्या वरच्या फळीवर उघडं ठेवलं. हालचाल झाली ती एवढीच.

पत्रात एकच प्रश्न होता. 'सर, अब्बांच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय. स्वरयंत्र काढणार म्हणतात. ज्या कंपनीनं तुम्हाला आवाज दिला, तीच अब्बांनाही देते म्हणते. ऑपरेशनच्या आधी करारावर सही पाहिजे. करावी का? तुम्ही सांगाल तसं करू.'

त्या शेवटच्या वाक्यानं घात केला. शिराळकरांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही ठामपणे सांगितलं नव्हतं. कऱ्हाडच्या नगरवाचनालयात ते ग्रंथपाल होते तेव्हा एखाद्या सभासदानं विचारलं, "सर, ही कादंबरी कशी आहे?" तर ते म्हणत, "बरी आहे. म्हणजे, मला बरी वाटली. बहुतेक. तुम्हाला कदाचित..." तोवर सभासद दुसरं पुस्तक घेऊन निघून गेलेला असे.

एका ठिकाणी मात्र ते अडखळत नसत. मिरजेच्या अंधशाळेसाठी ते पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, मग चिमुकली कार्डं. रविवारी दार लावून घ्यायचं, पंखा बंद करायचा आणि वाचायचं. दुसऱ्याचे शब्द असले की त्यांचा आवाज नदीसारखा सरळ वाहायचा. पाकिटावर नाव घालता यावं म्हणून ते ब्रेलही शिकले. त्या शाळेत तो आवाज ऐकत जी मुलं वाढली, त्यांत आफरीन होती. आता ती वडिलांच्या, इस्माईलभाईंच्या, तंबोऱ्याच्या कारखान्यात सूर लावायचं काम करायची, आणि वर्षातून एकदा सरांना टिंबांचं पत्र धाडायची.

मग शिराळकरांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र गेलं. वर्षभर ते पाटीवर लिहून बोलले. डॉक्टरांनी एक घरघरणारं यंत्र दिलं होतं. ते गळ्याला टेकवलं की पिठाच्या गिरणीतून कुणी बोलावं तसा आवाज निघे. शिराळकरांना त्याची इतकी लाज वाटे, की दाराशी दूधवाला आला तरी ते आत जात.

'पुनर्वाणी' कंपनीनं त्यांना शोधून काढलं ते त्या जुन्या ध्वनिमुद्रणांमुळे. इतक्या वर्षांचा, इतका स्वच्छ, एकाच माणसाचा आवाज त्यांना दुसरीकडे कुठं मिळणार होता? गळ्याला लावायची एक मऊ पट्टी त्यांनी दिली. ज्या दिवशी ती पट्टी पहिल्यांदा बोलली त्या दिवशी शिराळकरांनी फक्त "अनघा" अशी हाक मारली, आणि त्यांची बायको हातातलं पातेलं तसंच धरून ओट्यापाशी रडत उभी राहिली.

उपकरण जवळजवळ फुकट होतं. बदल्यात करार. शिराळकरांनी तो सगळा वाचला. न वाचता सही करणाऱ्यांतले ते नव्हेत. अकरावं कलम होतं प्रसार-दायित्वाचं: 'लाभार्थी उपकरणाविषयी प्रसंगानुरूप अनुकूल मत व्यक्त करील. त्यासाठी लागणारे साहाय्य कंपनी उपकरणाद्वारे पुरवील.' त्यांना जरा शंका आली होती. पण समोर बसलेली कंपनीची मुलगी इतकी हसतमुख, की विचारायचा संकोच वाटला. शिवाय त्यांनी मनाशी म्हटलं, जो माणूस आलेल्या पाहुण्याला दुसऱ्यांदा पोहे घ्या असा आग्रह करू शकत नाही, त्याच्याकडून कोण कसला प्रसार करून घेणार? साहाय्य म्हणजे खोक्यातून माहितीपत्रकं येतील. ती ठेवू कपाटात.

माहितीपत्रकं काही आली नाहीत.

*

उत्तर येईना म्हणून एके दिवशी आफरीनच वडिलांना घेऊन कऱ्हाडला आली. इस्माईलभाई बांध्यानं थोराड होते, बोटांना लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास. आवाज बसलेला, तरी बोलायची हौस दांडगी.

"सर, ही पोरगी रोज माझं डोकं खाती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सरांना विचारू, सरांना विचारू. म्हटलं चल, समोरच विचारू. कागदाला काय विचारायचं?"

"अब्बा, पाणी प्या आधी," आफरीन म्हणाली.

"पितो की. सर, खरं सांगा. माझं गिऱ्हाईक म्हणजे सगळे गाणारे लोक. त्यांच्याशी मी त्या गिरणीच्या आवाजात बोललो तर तंबोरा ठेवून पळतील. कंपनी म्हणती, तुमचा आवाज अगदी तुम्हाला देऊ. करू का सही?"

शिराळकरांनी बोलायला तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं: काम करतं, म्हणजे बऱ्यापैकी करतं, पण तो करार जरा नीट बघा, घाई नको, थोडं थांबा. ओठ हलले, जीभ हलली. आणि गळ्यातून त्यांचाच भरदार, रविवारचा आवाज आला:

"काम उत्तम करतं. करार नीट आहे. थांबायचं काही कारण नाही."

शिराळकर दचकले. "नाही, नाही," त्यांनी हात हलवला, "मला तसं..."

"नाही, नाही," आवाज म्हणाला, "मला तर फार समाधान आहे."

इस्माईलभाईंनी मांडीवर थाप मारली. "बास! आता कुणाला विचारायचं नाही. सर, तुमच्या तोंडात साखर पडो."

अनघाताई चहा घेऊन आल्या त्यासुद्धा कौतुकानंच. "अहो, यांना आवाज मिळाल्यापासून घर बदललं बघा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला एका वाक्यात उत्तर मिळतं. परवा साडी नेसून विचारलं, कशी दिसते? तर लगेच, सुंदर दिसतेस! पूर्वी म्हणायचे, बरी आहे, म्हणजे ती हिरवी पण बरी होती."

सगळे हसले. आफरीन तेवढी हसली नाही. ती मान किंचित तिरकी करून बसली होती, तार छेडल्यावर सूर विरेपर्यंत ऐकावं तशी.

टेबलावर कागद होता, पेन होतं. शिराळकरांना चार शब्द लिहून इस्माईलभाईंपुढं सरकवता आले असते. पण पाहुण्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की त्यांचा हात पेनापर्यंत जाऊन परत आला. त्यांना वाटलं, कदाचित मीच तसं बोललो असेन. आजारातून उठल्यावर माणूस धीट होतो म्हणतात. ते पाहुण्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले.

*

दोन दिवसांनी आफरीनचा फोन आला.

"सर, तुम्ही बोलू नका. मी बोलते, तुम्ही ऐका." तिचा आवाज नेहमीसारखा नम्र, पण दोरी घट्ट ओढल्यासारखा. "तंबोऱ्याची तार जिथं टेकते त्या घोडीवर, तारेखाली, आम्ही दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतो. त्यानं तार जराशी झणझणते. तीच तिची जवारी. दोरा काढून टाकला तर सूर येतो, अगदी स्वच्छ येतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं, घरात कुणी नाही. तुम्ही परवा एकदाही अडखळला नाहीत सर. शाळेत बक्षीस द्यायला आला होता तेव्हा माझं नाव घेताना तुम्ही तीनदा थांबलात. मला ते सर माहीत आहेत. पुस्तक वाचणारे सर वेगळे आणि स्वतः बोलणारे सर वेगळे. परवा मला पुस्तक वाचणाऱ्या सरांनी उत्तर दिलं. पण पुस्तक कुणाचं होतं?"

शिराळकरांची नजर कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

"अब्बा पुढच्या शुक्रवारी सही करणार आहेत. माझ्या पत्राचं उत्तर मला पत्रानंच पाहिजे. मेसेजनं नको. मेसेज लिहितानाही तुमचा फोन पुढचा शब्द सुचवतो, आणि वाचून दाखवताना माझा फोन त्याच्या आवाजात वाचतो. टिंबं वाचताना तुमच्या-माझ्यामध्ये कुणी नसतं. ठेवते."

*

शिराळकर पुस्तकातला माणूस. आवाजावर शंका आली तर त्याचीही परीक्षा घ्यायची असते, एवढं त्यांनी वाचलेलं होतं. ते आतल्या खोलीत गेले, दार लावलं, आरशासमोर उभे राहिले.

आधी साधं काही. "खिडकीला रंग द्यायला हवा, असं वाटतं." आवाज म्हणाला, "खिडकीला रंग द्यायला हवा." 'असं वाटतं' गळून पडलं होतं.

मग ते म्हणाले, "आपला मिक्सर भिकार आहे." आवाज खणखणीत: "आपला मिक्सर भिकार आहे."

"आता मिक्सरनं काय घोडं मारलं?" स्वयंपाकघरातून अनघाताई ओरडल्या.

मग ते म्हणाले, "ही पट्टी भिकार आहे." गळ्यातून काही क्षण काहीच आलं नाही. मग आवाज म्हणाला, "ही पट्टी भारी आहे."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. सावकाश, एकेक शब्द तोडून. "पट्टीचा मला त्रास होतो." आवाज म्हणाला, "पट्टीचा मला आधार होतो." आरशातले ओठ एक म्हणत होते आणि गळा दुसरंच. चेहरा तोच, आवाजही आपलाच.

ही करणी समजून घ्यायची तर ती पट्टी कशी बोलते ते थोडं पाहायला हवं. स्वरयंत्र काढलं तरी माणसाची बोलायची सवय जात नाही. मेंदू जिभेला, जबड्याला, हनुवटीखालच्या स्नायूंना पूर्वीसारखेच हुकूम सोडतो. त्या हुकमांबरोबर स्नायूंत विजेच्या बारीक लहरी उठतात. पट्टी त्या लहरी टिपते आणि त्यांवरून शब्द ओळखते. पण लहरी पुसट असतात. 'त्रास' आणि 'आधार' यांचे हुकूम वेगळे असले तरी एवढ्या गर्दीत खात्री देता येत नाही. शिवाय शब्द पुरा होईपर्यंत यंत्र थांबलं तर बोलणं मागून येणाऱ्या प्रतिध्वनीसारखं होईल आणि समोरचा कंटाळून उठून जाईल. म्हणून यंत्र थांबत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधतं आणि तुम्ही म्हणायच्या आतच म्हणायला लागतं. लहरी आणि अंदाज ही तराजूची दोन पारडी. एरवी लहरींचं पारडं जड असतं, म्हणून माणसाला वाटतं, मीच बोलतो आहे. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

पण पारड्यावर कुणी हळूच बोट ठेवलं तर?

*

कंपनीची मुलगी, अन्वी भोईटे, देखभालीसाठी महिन्यातून एकदा पुण्याहून यायची. या खेपेला शिराळकरांनी पट्टी काढून टेबलावर ठेवली होती. तिच्याशेजारी कागद, आणि कागदावर प्रश्न. अनघाताईंना त्यांनी मुद्दाम शेजारी बसवलं होतं.

अन्वीनं प्रश्न वाचला आणि तिचं हसू थोडं बारीक झालं. खोटं मात्र ती बोलली नाही.

"सर, यंत्र तुमच्या तोंडात शब्द घालत नाही. तुम्ही जे चार शब्द म्हणण्याची शक्यता असते, त्यातला एक निवडतं. उपकरणाचा विषय निघाला की त्यातला चांगला निवडतं. अकरावं कलम. तुम्ही वाचलं होतं ना?"

शिराळकरांनी मान हलवली. वाचलं होतं.

"पूर्वी कंपन्या लोकांना सांगायच्या, चार जणांना सांगा, फोटो टाका, दोन शब्द लिहा. लोक विसरायचे, लाजायचे. मग नोटिसा, भांडणं. आता दायित्व यंत्रच पुरं करतं. लाभार्थ्याला काही त्रास नाही. खरं सांगू? तुमच्यासारख्या बुजऱ्या माणसांसाठीच ही सोय आहे."

शिराळकरांनी कागदावर लिहिलं: 'आणि माझं अडखळणं?'

"ते कलमात नाही." अन्वी ओशाळली. "ती आमची चूक म्हणा. यंत्र तुमच्या त्या वाचनावर शिकलंय. त्यात तुम्ही कुठेच अडखळत नाही, 'बहुतेक' नाही, 'म्हणजे' नाही. त्यामुळे तुम्ही तसं म्हणायला लागलात की यंत्राला वाटतं, हा दोष आहे, आणि ते गाळतं."

अनघाताई एकदम म्हणाल्या, "म्हणजे माझ्याशी बोलतानासुद्धा?"

"काकू, घरगुती बोलण्यात कंपनीला काय रस? तिथे फक्त ते... साफसूफ होतं."

"साफसूफ," अनघाताई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे वळल्या. "साडीचं कोण बोललं? तुम्ही की यांची कंपनी?"

शिराळकरांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. मग ते उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी ते जुनं, घरघरणारं यंत्र काढलं. परक्या बाईसमोर ते गळ्याला लावायची त्यांची ही पहिलीच वेळ. कानशिलं लाल झाली.

"म्हणायचं... होतं," गिरणी घरघरली. "चाळीस वर्षं. धीर... होत नव्हता. सुंदर नाही, त्याहून साधा... शब्द होता. बहुतेक."

अनघाताईंनी पदरानं नाक पुसलं. "मेलं ते 'बहुतेक'," त्या म्हणाल्या. "हा आवाज आल्यापासून घरात काहीतरी हरवलंय, हरवलंय, असं वाटत होतं. ते हे होय!"

अन्वी खाली पाहत होती. शिराळकरांनी तिला विचारलं, कलम खोडता येईल का. ती म्हणाली, आजवर कुणी मागितलं नाही. वर विचारून बघते, पण तुमच्या बाबतीत अवघड आहे, तुमचा आवाज जाहिरातीसाठी निवडलेल्यांत आहे.

"मिरजेच्या... इस्माईलभाईंना... मी पत्र लिहिणार आहे. खरं."

"सर, ते 'प्रतिकूल प्रसारा'त बसतं. करार संपतो. पट्टी परत द्यावी लागते." ती पुढं झुकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी काही ऐकलं नाही, असं समजते. तुम्ही गुपचूप लिहा. टिंबांत लिहिलंत तर आमच्या ऑफिसात कुणाला वाचतासुद्धा येणार नाही."

ती भल्यापोटी सांगत होती, आणि शिराळकरांना मोह झाला नाही असं नाही. गेल्या काही महिन्यांत त्यांनी शाळेसाठी रविवारचं वाचन पुन्हा सुरू केलं होतं. धाकट्या मुलांसाठीचं एक प्रवासवर्णन अर्ध्यात होतं. हिमालयातल्या खिंडीत पोचलेली माणसं तिथंच, बर्फात उभी. पट्टी गेली तर ती खिंड ओलांडायची कुणी?

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. ती निमूट पडून होती. पुस्तकं ती त्यांच्याहून चांगली वाचू शकली असती. पण इस्माईलभाईंसमोर ती एकदा बोलून गेली होती, आणि तिचं बोलणं शिराळकरांच्या नावावर जमा होतं.

"लपवून... नको," ते म्हणाले. "कंपनीलाही... लिहितो. माझं मीच. पट्टी... आजच घेऊन जा."

"सर, विचार करा. असा आवाज पुन्हा मिळणार नाही."

"विचार," शिराळकर म्हणाले, आणि त्या घरघरीतही त्यांना थोडं हसू आलं, "तेवढाच... करत आलोय. आता... पुरे."

अन्वीनं पट्टी खोक्यात ठेवली. दारातून बाहेर पडताना ती थांबली. "माझ्या आजोबांनाही आम्ही हेच बसवलंय," ती म्हणाली. "ते हल्ली माझं फार कौतुक करतात." आणि जिना उतरून गेली.

*

ब्रेलची पाटी बरेच दिवस वापरात नव्हती. बिजागरी गंजली होती. त्यांनी तिला खोबरेल लावलं. पाटीत कागद अडकवायचा आणि टोच्यानं मागून, उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागद उलटला की टिंबं सरळ वाचता येतात. घाई चालत नाही. एक वाक्य टोचेपर्यंत मनातलं दुसरं वाक्य तीनदा बदलतं.

अनघाताई समोर कागदाची कड धरून बसल्या. "मोठ्यानं म्हणत लिहा," त्या म्हणाल्या, "मलाही कळू दे." टोचताना हात मोकळा नव्हता, म्हणून दर ओळीनंतर ते थांबत, घरघरतं यंत्र गळ्याला लावून ओळ म्हणत, आणि पुन्हा टोचायला लागत. खाली अंगणात खेळणारी मुलं वर पाहायला लागली. शिराळकर खिडकी लावायला उठले नाहीत.

'आफरीन, उत्तराला उशीर झाला. तुम्ही आलात त्या दिवशी मी जे बोललो ते माझं नव्हतं. पण माझ्या घरात, माझ्या गळ्यातून आलं, आणि तुम्ही जाईपर्यंत मी ते खोडलं नाही. ती चूक यंत्राची नाही, माझी.

'यंत्र काम करतं, हे खरं आहे. त्यानं मला हाक मारायला आवाज दिला. इस्माईलभाईंचे हात चालू आहेत, गिऱ्हाईक आहे, त्यांना आवाज पाहिजेच. पण अकरावं कलम असेल तोवर त्या यंत्राबद्दल त्यांना वाईट बोलता येणार नाही, आणि आपण बोलत नाही आहोत हे त्यांना कळणारही नाही. त्यांनी कंपनीला सांगावं, कलम खोडा, मग सही करतो. कुणी मागितलं नाही म्हणून ते आजवर खोडलं गेलेलं नाही. खोडलं नाही, तर सही करू नये, असं मला वाटतं.

'बहुतेक, असं आधी लिहिलं होतं. ते काढलं. हे मला नक्की वाटतं.

'अजून एक. काही ठरो, ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज तुम्हीच नोंदवून ठेवा. शाळेत सोय आहे. कारखान्यात गिऱ्हाइकाशी बोलताना, तुला हाक मारताना, चिडताना, सगळा. अडखळतील तिथंही यंत्र बंद करू नका. तो आवाज आधी तुमच्या घरात राहू दे. मग कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

'मी पट्टी परत केली. खिंडीतली माणसं मात्र अर्ध्यावर राहिली आहेत. मुलांना चालणार असेल तर पुढचं मी त्या गिरणीच्या आवाजात वाचीन. त्यांनाच विचार. हसली तरी हरकत नाही.'

पत्र संपलं. शिराळकरांनी कागद उलटला आणि बोटांनी पहिल्यापासून वाचला. ब्रेलमध्ये खोडायचं म्हणजे उठलेलं टिंब नखानं दाबून बसवायचं. पण दाबलेलं टिंब पुरतं सपाट होत नाही. बोटाला तिथं काहीतरी होतं हे कळतंच. पत्रभर अशी चेपलेली टिंबं पसरली होती. 'बहुतेक' जिथं होतं तिथं तर पुरती एक ओळ खडबडीत झाली होती.

"केवढी खाडाखोड ही," अनघाताई कागदावरून हात फिरवत म्हणाल्या. "पुन्हा स्वच्छ लिहून काढता का? मी बसते."

आजवर शिराळकरांनी प्रत्येक पत्र पुन्हा स्वच्छ लिहायला घेतलं होतं, आणि म्हणूनच त्यांतली कितीतरी कधी गेली नव्हती. त्यांनी मान हलवली.

"नको," गिरणी म्हणाली. "तिला... समजेल. कुठं थांबलो ते."

अनघाताईंनी कागद पाकिटात घातला. कंपनीच्या पत्राचं पाकीट त्यांनी आधीच चिकटवून ठेवलं होतं. शिराळकरांनी चपला घातल्या. घरघरतं यंत्र नेहमी ते रुमालात गुंडाळून नेत. आज सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं, उघडं.

टपाल कचेरीत गर्दी नव्हती. अंधांसाठीच्या पत्राला तिकीट लागत नाही. पाकीट मात्र न चिकटवता द्यावं लागतं, कुणालाही उघडून पाहता यावं म्हणून. खिडकीवरच्या कारकून बाईंनी पाकिटाची झडप उचलली, कागद थोडा बाहेर ओढला, टिंबांवरून अंगठा फिरवला.

"काय आहे हो काका यात?"

शिराळकरांनी खिशातून यंत्र काढलं आणि गळ्याला टेकवलं. मागं उभ्या असलेल्या माणसानं मान वळवून पाहिलं. पाहू दे.

"उत्तर," ते म्हणाले. "उशिराचं... आहे. शुक्रवारच्या आत... पोचेल ना?"

"मिरज? आत्ताच्या थैलीत गेलं तर परवा पोचेल."

"मग आत्ताच्या... थैलीत."

बाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि हात लांब करून ते थैलीत टाकलं.